अठरा विजय, एक पराभव

अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, तीन संघांनी आपला मोसम १८ विजय आणि १ पराभव अशा हिशेबावर संपवला आहे: १९८४चे सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स, १९८५चे शिकागो बेअर्स आणि २००७चे न्यू इंग्लंड पेट्रियट्स. त्या १९ सामन्यांत केलेल्या गुणांतून दिलेले गुण वजा केले, तर फोर्टीनायनर्सच्या हाती ३०४ उरतात, बेअर्सच्या ३३९ आणि पेट्रियट्सच्या ३३२. बेअर्स आणि पेट्रियट्स यांच्यामध्ये २२ वर्षांचं अंतर आहे. खेळाडू वेगळे, नियम वेगळे, शरीरंसुद्धा वेगळी. आणि अख्ख्या मोसमाच्या गुणफरकात तफावत किती, तर ७ गुणांची. पण बेअर्सना विजेतेपदाच्या अंगठ्या मिळाल्या आणि पेट्रियट्सना मिळाल्या नाहीत. बेअर्स हरले ते २ डिसेंबरला, साखळी सामन्यात. पेट्रियट्स हरले ते ३ फेब्रुवारीला, अंतिम सामन्यात.

सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ संघ कोणता, हा वाद अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि त्यात या तिघांवर मात करणारा एक चौथा संघ आहे. १९७२चे मायामी डॉल्फिन्स: १७ सामने, १७ विजय, शून्य पराभव. एनएफएलची सुरुवात १९२० सालची. तेव्हापासून आजवर विजेतेपदाच्या सामन्यासकट प्रत्येक सामना जिंकणारा, एकही बरोबरी न केलेला हा एकमेव संघ. २०१९मध्ये एनएफएलच्या शंभराव्या मोसमानिमित्त शंभर थोर संघांची यादी निघाली, तेव्हा पहिला क्रमांक डॉल्फिन्सना आणि दुसरा १९८५च्या बेअर्सना मिळाला. पहिल्या क्रमांकाबद्दल माझं मत वेगळं आहे. डॉल्फिन्सच्या शून्याचा आदर ठेवूनच ते मांडतो.

खेळाची ओळख आधी थोडक्यात करून देतो, कारण हा पायाने खेळायचा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. मैदान शंभर यार्डांचं, म्हणजे सुमारे ९१ मीटरचं. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा जण. चेंडू हातात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे. चेंडू घेऊन शेवटच्या पट्ट्यात पोचलं की टचडाऊन, त्याचे सहा गुण. त्यानंतरच्या किकचा एक. लांबून खांबांमधून किक मारली तर तीन. आक्रमणाची फळी वेगळी, बचावाची वेगळी, त्यामुळे एका संघात खरं तर दोन संघ नांदत असतात. आक्रमणाचा सूत्रधार तो क्वार्टरबॅक.

या खेळाचा एक आकडा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटाच वाटतो. टीव्हीवर एक सामना तीन तासांहून अधिक चालतो. त्यातला किती वेळ चेंडू खरोखर खेळात असतो, हे ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१०मध्ये मोजलं आणि उत्तर आलं सुमारे ११ मिनिटं. बाकीचा वेळ खलबतं, जाहिराती, पुन्हा रांगेत उभं राहणं आणि पंचांच्या शिट्ट्या. हा हिशेब १७ सामन्यांना लावला तर १८७ मिनिटं होतात, तीन तासांच्या थोडी वर. ज्या मोसमाबद्दल पन्नास वर्षं वाद घालायचा, त्यातला प्रत्यक्ष खेळ एका हिंदी सिनेमाच्या लांबीचा आहे.

बेसबॉलचा संघ एका मोसमात १६२ साखळी सामने खेळतो, बास्केटबॉलचा ८२. त्यांच्या बाद फेरीत प्रत्येक लढत अनेक सामन्यांची असते. एक वाईट दिवस तिथे पचतो. अमेरिकी फुटबॉलमध्ये १९७२ साली साखळीचे सामने होते १४, १९७८पासून १६ झाले आणि २०२१पासून १७. त्यानंतर बाद फेरी, आणि तिथे एकदा हरलं की मोसम संपला. इतक्या थोड्या सामन्यांवरून श्रेष्ठत्व ठरवायचं, तर नशिबाचा वाटा मोठा असणारच.

तो किती मोठा, हे पाहण्यासाठी एक गणित मांडून बघू. समजा प्रत्येक सामना म्हणजे नुसती नाणेफेक आहे. मग लागोपाठ १७ सामने जिंकण्याची शक्यता १,३१,०७२मध्ये एक. आजच्या पद्धतीत साखळीचे १७ आणि बाद फेरीचे किमान तीन असे २० सामने जिंकायचे तर १०,४८,५७६मध्ये एक. लीगमध्ये ३२ संघ आहेत. म्हणजे निव्वळ नाणेफेकीच्या भरवशावर असा मोसम सरासरी ३२,७६८ वर्षांतून एकदा उगवेल. अर्थात थोर संघ नाणेफेकीवर जगत नाही. धरून चालू की एखादा संघ इतका भारी आहे की प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ८० टक्के आहे. तरी १७पैकी १७ जिंकणं त्याला ४४ मोसमांतून एकदाच जमेल. ९० टक्के धरा. इतका प्रबळ संघ इतिहासात क्वचितच झाला असेल. तोही सहा मोसमांतून एकदाच अपराजित राहील, उरलेल्या पाच वेळा कुठे ना कुठे ठेच खाईल.

डॉल्फिन्सचं शून्य मला या गणिताच्या उजेडात दिसतं. थोर संघांच्या वाट्याला बहुतेक वेळा एखादा पराभव येतोच. त्यामुळे शून्य दिसलं की तो संघ सर्वांत बलवान, असा निष्कर्ष काढता येत नाही. फार तर तो फार चांगला होता आणि त्याच्या वाट्याला आलेले अटीतटीचे क्षण एकूण एक त्याच्या बाजूने फिरले, असं म्हणता येतं.

आणि असे क्षण आले होते. तिसऱ्या सामन्यात मिनेसोटाविरुद्ध निकाल १६-१४. सहाव्यात बफेलोविरुद्ध २४-२३, एका गुणाने. पाचव्या सामन्यात क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी याचा पाय मोडला आणि ३८ वर्षांच्या अर्ल मॉरल याच्या हाती सूत्रं आली. हा मॉरल मायामीला मिळाला होता अवघ्या १०० डॉलरांत, कारण बाल्टिमोरने त्याला मोकळं केलं होतं. साखळीतले उरलेले नऊही सामने त्याने सुरू केले आणि संघाने नऊही जिंकले. लॅरी झोंका आणि मर्क्युरी मॉरिस या दोघांनी त्या मोसमात धावून प्रत्येकी हजार यार्ड कमावले. एकाच संघातल्या दोघांनी हे करण्याची ती पहिलीच वेळ. प्रशिक्षक डॉन शुला वर्षभरापूर्वी सुपर बोलमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात, डॅलसकडून २४-३ असा मार खाऊन परतले होते. मोडलेल्या पायाचा सूत्रधार, शंभर डॉलरांचा म्हातारा आणि जखम ताजी असलेला प्रशिक्षक, एवढ्यावर १७-० घडवायला विलक्षण जिगर लागते. ती त्या संघाकडे होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण सामना कुणाशी होता, हेही बघावं लागतं. साखळीच्या १४ सामन्यांत डॉल्फिन्सची गाठ पडलेल्या संघांपैकी फक्त दोघांनी मोसमात हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकले होते, कॅन्सस सिटी आणि न्यूयॉर्क जायंट्स, आणि तेही दोघे ८-६. बाद फेरीत खरी कसोटी लागली. क्लीव्हलंडविरुद्ध चौथ्या आणि शेवटच्या सत्रात मायामी १४-१३ अशी पिछाडीवर होती. पुढचा सामना पिट्सबर्गच्या मैदानावर, कारण तेव्हा यजमानपद कामगिरीवरून ठरत नसे, पाळीपाळीने मिळे. अपराजित संघाला तिथे पाहुणा म्हणून जावं लागलं. आधी पिछाडी, मग लॅरी साइपल या किक मारणाऱ्या खेळाडूने किक न मारता चेंडू घेऊन ३७ यार्ड धाव घेतली आणि सामन्याचा नूर पालटला. निकाल २१-१७. सुपर बोल वॉशिंग्टनविरुद्ध, १४ जानेवारी १९७३, लॉस एंजेलिस. मायामी १४-० अशी पुढे. दोनच मिनिटं उरली असताना गारो येप्रेमियन किक मारायला आला. ती गेली असती तर निकाल १७-० लागला असता, मोसमाच्या हिशेबाशी अक्षरशः जुळणारा. किक अडवली गेली, चेंडू त्याच्याकडेच परत आला, त्याने तो फेकायचा प्रयत्न केला, हातातून निसटला आणि वॉशिंग्टनच्या माइक बासने झेलून थेट टचडाऊन केला. १४-७. तरीही मायामी जिंकली.

बाद फेरीच्या तीन सामन्यांत मिळून डॉल्फिन्सनी ५५ गुण केले आणि ३८ दिले. फरक १७. आता २००७चे पेट्रियट्स पाहा. बाद फेरीच्या तीन सामन्यांत ६६ केले, ४९ दिले. फरक पुन्हा १७! एकाच्या वाट्याला अमरत्व आलं, दुसऱ्याच्या वाट्याला आयुष्यभराची हळहळ, आणि वजाबाकी दोघांचीही तीच.

पेट्रियट्सचा तो मोसम आकड्यांच्या दृष्टीने थक्क करणारा आहे. साखळीत १६पैकी १६ विजय. ५८९ गुण, तेव्हाचा विक्रम. सामन्यामागे जवळपास ३७. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचे ५० टचडाऊन पास, रँडी मॉसने झेललेले २३ टचडाऊन. मॉसला त्यांनी मिळवलं होतं नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या चौथ्या फेरीच्या एका हक्काच्या बदल्यात, म्हणजे जवळपास फुकट. हे सगळं वेतनमर्यादेच्या काळात, जेव्हा श्रीमंत मालकालाही हवे तितके तारे गोळा करता येत नाहीत. (त्याच वर्षी मायामी डॉल्फिन्स १६पैकी १५ सामने हरले. ज्यांचा विक्रम धोक्यात होता, त्यांचे वारस तळाला होते.)

पण या मोसमाचे तुकडे पाडून बघितले की वेगळंच चित्र दिसतं. पहिले आठ सामने: ३३१ गुण केले, १२७ दिले. सामन्यामागे फरक साडेपंचवीस. पुढचे आठ: २५८ केले, १४७ दिले. फरक जेमतेम १४. त्या आठांत इंडियानापोलिसविरुद्धचा निकाल चार गुणांनी लागला. फिलाडेल्फिया, बाल्टिमोर आणि जायंट्स यांच्याविरुद्धचे तीन-तीन गुणांनी. बाद फेरीत फरक सामन्यामागे सहाच्याही खाली. साडेपंचवीस, चौदा, सहा. सप्टेंबरमध्ये हा संघ इतिहासातला सर्वश्रेष्ठ होता, असं मी बेधडक म्हणेन. फेब्रुवारीपर्यंत इतरांनी त्यांचं कोडं सोडवत आणलं होतं.

अंतिम सामन्यात समोर जायंट्स होते, साखळीत १०-६ अशी माफक कामगिरी करून आलेले. त्यांच्या बचावफळीने ब्रेडीला पाच वेळा चेंडूसकट जमिनीवर लोळवलं. सामन्यामागे ३७ गुण करणारा संघ १४वर अडकला. अडीच-पावणेतीन मिनिटं बाकी असताना तरीही पेट्रियट्स १४-१० असे पुढे होते. मग जायंट्सच्या डेव्हिड टायरीने चेंडू एका हाताने स्वतःच्या हेल्मेटवर दाबून धरला, ३२ यार्ड मिळाले आणि ३५ सेकंद उरले असताना प्लॅक्सिको बरेसने टचडाऊन केला. १७-१४. एका हेल्मेटवर चिकटलेल्या चेंडूवरून ५८९ गुणांच्या संघाला इतिहासातून खाली उतरवायचं का? ब्रेडीच्या चाहत्यांचा हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की त्या चेंडूमुळे मी त्यांना खाली उतरवत नाही, त्या साडेपंचवीस-चौदा-सहाच्या उतरणीमुळे उतरवतो. सर्वश्रेष्ठ म्हणवणारा संघ मोसमाच्या शेवटी चढत गेला पाहिजे.

नुसता गुणफरक घेऊन कौल लावायचा म्हटलं तर आपण भलतीकडेच पोचतो. १९४२च्या बेअर्सनी ११ सामन्यांत ३७६ गुण केले आणि ८४ दिले. सामन्यामागे साडेसव्वीसचा फरक. साखळीतले अकराच्या अकरा सामने जिंकले आणि विजेतेपदाचा सामना वॉशिंग्टनकडून १४-६ असा गमावला. ते युद्धाचं वर्ष होतं, लीगमध्ये दहा संघ, कित्येक खेळाडू सैन्यात गेलेले. १९६८चे बाल्टिमोर कोल्ट्स साखळीत १३-१, ४०२ गुण केले, १४४ दिले. सुपर बोलमध्ये न्यूयॉर्क जेट्सनी त्यांना १६-७ असं गुंडाळलं. त्या कोल्ट्सचे प्रशिक्षक होते शुला आणि क्वार्टरबॅक होता मॉरल. चार वर्षांनी मायामीत १७-० करणारे हेच दोघे.

आणि १९४०चा तो विजेतेपदाचा सामना. ८ डिसेंबर, वॉशिंग्टन. तीनच आठवड्यांपूर्वी याच वॉशिंग्टनने बेअर्सना ७-३ असं हरवलं होतं. या वेळी निकाल लागला ७३-०. शून्याला त्र्याहत्तर! अकरा टचडाऊन. बेअर्सच्या बचावाने समोरच्यांचे आठ पास हिसकावले. शेवटी शेवटी किकनंतर प्रेक्षकांत गेलेले चेंडू परत येईनात, चेंडू संपत आले, तेव्हा पंचांनी बेअर्सना विनंती केली की टचडाऊननंतरची किक मारू नका. ऐंशीहून अधिक वर्षं उलटली, एनएफएलमध्ये एवढ्या फरकाने कुणी जिंकलेलं नाही. पण त्या बेअर्सनी साखळीतल्या ११पैकी तीन सामने गमावले होते. एका दुपारच्या पराक्रमावर सर्वश्रेष्ठ संघ ठरवता येत नाही.

क्लीव्हलंड ब्राउन्सचं नाव इथे घेतलंच पाहिजे. १९४८ साली एनएफएलशी स्पर्धा करणाऱ्या दुसऱ्या लीगमध्ये ते साखळीचे १४ आणि विजेतेपदाचा एक असे पंधरा सामने खेळले आणि पंधराही जिंकले. ती लीग दुय्यम म्हणून लोक नाक मुरडत. १९५०मध्ये ब्राउन्स एनएफएलमध्ये आले, पहिल्याच सामन्यात गतविजेत्या फिलाडेल्फियाला ३५-१० असं हरवलं आणि त्याच मोसमात विजेतेपदही पटकावलं. यादीत त्यांना नेहमी मागे ढकलतात, हा अन्याय आहे.

काळाची तुलना आणखी एका कारणाने अवघड होते. १९७२चा झोंका दांडगट धावपटू म्हणून गाजला. त्याचं वजन साधारण १०७ किलो. १९८५च्या बेअर्समधला विल्यम पेरी तीनशे पौंडांच्या वर, म्हणजे १३६ किलोंहून जास्त. तेवढ्या आकारासाठी त्याला ‘रेफ्रिजरेटर’ म्हणत आणि देशभर लोक त्याला बघायला टीव्हीसमोर बसत. आज आघाडीच्या फळीत तेवढं वजन किमान अपेक्षित धरलं जातं. फिलाडेल्फियाचा जॉर्डन मायलाटा १६५ किलोंचा आहे. १९७८च्या नियमबदलांनी पास झेलणाऱ्याला पाच यार्डांपुढे अडवण्यावर बंधन आलं, त्यामुळे पासचे आकडे फुगले. १९९४मध्ये वेतनमर्यादा आली, संघामागे ३ कोटी ४६ लाख डॉलर. २०२५मध्ये ती २७ कोटी ९२ लाखांवर गेली. १९८९च्या फोर्टीनायनर्सकडे क्वार्टरबॅक म्हणून जो मोंटाना खेळत होता आणि राखीव बाकावर स्टीव्ह यंग बसला होता. दोघेही पुढे या खेळाच्या मानकऱ्यांच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. आज असं जमवायला कुठल्याही संघाचा खिसा पुरणार नाही. म्हणून १९७२चा संघ २००७च्या संघापुढे उभा केला तर काय होईल, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. मोठी शरीरं जिंकतील. आपल्या काळातल्या प्रतिस्पर्ध्यांवर कुणी किती वर्चस्व गाजवलं, एवढंच मोजता येतं.

त्या मोजणीत १९८९चे फोर्टीनायनर्स मला सगळ्यांत जास्त कोड्यात टाकतात. साखळीत १४-२. ते दोन पराभव १३-१२ आणि २१-१७ असे, म्हणजे दोन्ही मिळून पाच गुणांचे. बाहेरच्या मैदानांवर आठपैकी आठ विजय. बाद फेरीत ४१-१३, ३०-३ आणि सुपर बोलमध्ये डेन्व्हरविरुद्ध ५५-१०. ते ५५ गुण आणि ४५चा फरक हे दोन्ही सुपर बोलमधले विक्रम. तीन सामन्यांत १२६ केले, २६ दिले. फरक बरोबर शंभर. मोंटानाने त्या तीन सामन्यांत ११ टचडाऊन पास दिले आणि एकही पास समोरच्याच्या हाती पडू दिला नाही. जानेवारी महिन्यापुरतं बोलायचं तर याहून परिपूर्ण संघ झाला नाही. पण साखळीत त्यांचा सामन्यामागे फरक बारापेक्षाही कमी होता. फिलाडेल्फियात ते चौथ्या सत्रात २१-१० असे मागे होते, मोंटानाने त्या एका सत्रात चार टचडाऊन पास दिले म्हणून निभावलं. त्यांचं वर्चस्व उशिरा उगवलं.

आता बेअर्स, १९८५चे. प्रशिक्षक माइक डिटका, बचावाचे सूत्रधार बडी रायन. रायनच्या बचावाचं नाव ‘फोर्टी-सिक्स’, डग प्लँक या जुन्या खेळाडूच्या जर्सीवरच्या ४६ आकड्यावरून पडलेलं. त्यात समोरच्या फळीवर इतकी माणसं तुटून पडत की क्वार्टरबॅकला विचार करायला सवड मिळत नसे. आदल्या मोसमात याच बेअर्सना बाद फेरीत १८-१वाल्या फोर्टीनायनर्सनी २३-० असं कोरडं ठेवलं होतं. नऊ महिन्यांनी बेअर्स सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि त्या गतविजेत्यांना २६-१० असं हरवून आले.

त्यानंतरच्या सहा सामन्यांत त्यांनी दिलेले गुण क्रमाने असे: ७, ९, १०, ३, ०, ०. शेवटचे तीन निकाल २४-३, ४४-०, ३६-०. १०४ विरुद्ध ३! आणि ते ४४-० डॅलसच्या घरच्या मैदानावर. सहा सामन्यांत मिळून २९ गुण दिले, म्हणजे सामन्यामागे पाचही नाहीत, आणि तेही अशा काळात, जेव्हा एक संघ एका सामन्यात सरासरी २१ गुण करत असे.

मग २ डिसेंबर, सोमवारची रात्र, मायामी. शुला अजूनही डॉल्फिन्सचे प्रशिक्षक, क्वार्टरबॅक तरुण डॅन मरीनो. १९७२च्या संघातले काही जण त्या रात्री मैदानावर हजर होते, आपला विक्रम राखायला. मध्यंतराला मायामी ३१-१० अशी पुढे होती. आधीच्या सहा सामन्यांत मिळून २९ गुण देणाऱ्या बचावाने अर्ध्या सामन्यात ३१ दिले. अंतिम निकाल ३८-२४. साखळीच्या १६ सामन्यांत बेअर्सनी १९८ गुण दिले, त्यातला जवळपास पाचवा हिस्सा या एका रात्रीचा. ही रात्र पुसता येत नाही आणि बेअर्सच्या बाजूने बोलणाऱ्याने ती झाकूही नये. त्या रात्री मायामी सरस होती.

पण पुढे काय झालं ते बघा. साखळीतले उरलेले तीन सामने जिंकले. बाद फेरीत जायंट्सना २१-०. लॉस एंजेलिस रॅम्सना २४-०. विजेतेपदाच्या वाटेवर लागोपाठ दोन संघांना खातं उघडू दिलं नाही. डॉल्फिन्सशी पुन्हा गाठ पडली असती, पण त्यांना पेट्रियट्सनी त्यांच्याच मैदानात ३१-१४ असं बाहेर काढलं होतं. त्यामुळे २६ जानेवारी १९८६ला न्यू ऑर्लिन्समध्ये समोर पेट्रियट्स. सामना सुरू होऊन ७९ सेकंद झाले आणि पेट्रियट्सनी तीन गुण घेतले. त्यानंतर बेअर्सनी ओळीने ४४ गुण केले. मध्यंतरापर्यंत पेट्रियट्सच्या आक्रमणाची एकूण कमाई उणे १९ यार्ड होती. अर्धा सामना खेळून ते निघाले त्या जागेच्या मागे होते. त्यांचा सुरुवातीचा क्वार्टरबॅक टोनी इसन याचे सहापैकी सहा पास वाया गेले. पूर्ण सामन्यात धावून मिळालेले यार्ड: ७. निकाल ४६-१०. खेळ संपल्यावर बेअर्सच्या खेळाडूंनी डिटकाला खांद्यावर घेतलं आणि रायनलाही.

साखळीत बेअर्सचा फरक सामन्यामागे सोळा, बाद फेरीत सत्तावीस. पेट्रियट्स उतरत गेले, डॉल्फिन्सही पंधरावरून सहाच्या खाली आले, फोर्टीनायनर्स उशिरा उसळले. सप्टेंबरमध्येही जबरदस्त आणि जानेवारीत त्याहून जबरदस्त, असे या सगळ्यांत बेअर्सच.

गुणफलकावर न येणारा एक हिशेब मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २०१७मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दान मिळालेल्या १११ माजी एनएफएल खेळाडूंच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी होणारा सीटीई हा आजार त्यातल्या ११० मेंदूंत सापडला. ज्यांच्यात लक्षणं दिसत होती, त्यांच्याच कुटुंबांनी मेंदू जास्त करून दिले होते, त्यामुळे हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येणार नाही. तरी आकडा छातीत धडकी भरवतो. १९८५च्या बेअर्समधला डेव्ह ड्यूअरसन २०११ साली, पन्नासाव्या वर्षी, आपला मेंदू संशोधनाला द्या असं सांगून जीव देऊन गेला. आजार निघाला. डॉल्फिन्सच्या शंभर डॉलरांच्या अर्ल मॉरलच्या मेंदूतही मृत्यूनंतर तोच आजार, तीव्र अवस्थेत, आढळला. ३३९ आणि १७-० हे आकडे या माणसांच्या डोक्यांनी मोजून दिलेले आहेत. या खेळावर प्रेम करणाऱ्याने ते विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

बेअर्सचा सत्कार व्हाइट हाउसमध्ये व्हायचा होता. सुपर बोलनंतर दोन दिवसांनी ‘चॅलेंजर’ यान कोसळलं आणि तो कार्यक्रम राहून गेला. २०११मध्ये, पंचवीस वर्षांनी, शिकागोच्याच बराक ओबामांनी त्यांना बोलावलं. २०१३मध्ये त्यांनी १९७२च्या डॉल्फिन्सनाही बोलावलं.

डॉल्फिन्सचा विक्रम सर्वांत मोठा आहे, आणि आता मोसम वीस सामन्यांचा झाल्यावर तो मोडणं आणखी कठीण आहे. संघ म्हणून माझं मत १९८५च्या शिकागो बेअर्सना: १९ सामने, ५४७ गुण केले, २०८ दिले. तो सुपर बोल जिंकल्यानंतर बडी रायन फिलाडेल्फियाला गेले. पुढच्या मोसमात बेअर्सनी साखळीत आणखी कमी, म्हणजे १८७च गुण दिले, पण बाद फेरीत पहिल्याच सामन्यात वॉशिंग्टनकडून २७-१३ असे हरले. २६ जानेवारी १९८६नंतर शिकागोने एकही सुपर बोल जिंकलेला नाही.